चालत्या यंत्राची पूजा

कोल्हापूर, १२ जानेवारी २००५

चि. मल्लेश,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरला आहे की नाही ते तू ठरव. पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, म्हणून आशीर्वाद. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम तुझ्या मामीकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू न उघडताच फाडलं असतंस. फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा माझं "हॅलो" ऐकून तू ठेवलास. पुण्यात राहून एवढी एकच सवय लागली असेल, तर फार बिघडलं नाही म्हणायचं.

आता मुद्द्याचं. आपल्या दूध संघाच्या पशुसेवा विभागात नवा सर्व्हर घ्यायचा ठरला आहे. तू गेल्यावर जे यंत्र आणलं, ते दर पंधरा दिवसांनी रुसतं. गावातून फोन येतो, म्हैस अडली आहे, डॉक्टर पाठवा. आमच्या विभागातली पोरगी म्हशीचा नंबर टाकते आणि पडदा निळा होऊन बसतो. म्हैस कितव्या वेताची, मागच्या वेळी काय झालं होतं, कुठलं औषध चालत नाही, यातलं काही कळत नाही, आणि डॉक्टर मोटारसायकलवर नुसतीच टांग टाकून उभा राहतो. कळंब्याची बनाबाई परवा फोनवरच म्हणाली, "तुमच्या कंप्युटरलाच इंजेक्शन द्या पैलं."

तर नव्या सर्व्हरसाठी पुण्याच्या एका विक्रेत्यानं कागद पाठवले. त्यात लिनक्स आहे. तेच, जे तू नव्व्याण्णव साली मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून आमच्या यंत्रावर चढवलं होतंस. फक्त आता ते डब्यात येतं, डब्यावर लाल टोपीचं चित्र असतं आणि पाठीमागे एक कंपनी उभी असते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, बसवायला येणारा इंजिनियर : मल्लेश. मी ते पान तीनदा वाचलं आणि चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. इतका आनंद झाला की मोठ्यानं हाक मारून सगळ्या विभागाला चहा सांगितला. का सांगितला ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

तू येशील ना? मागचं काय धरून बसायचं. त्या खंडेनवमीला लाईट गेली आणि यंत्र बिघडलं, त्यात तुझा दोष नव्हता हे मी मनातून मानत आलो आहे.

तुझा
प्रभुमामा


कोल्हापूर, २० फेब्रुवारी २००५

चि. मल्लेश,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मी उगाच उठून उभा राहतो.

काल तुझ्या विक्रेत्याचा माणूस गळ्यात टाय बांधून आला होता. आमचे चेअरमन आता बाळासो आहेत. तुझ्या वेळी नव्हते. माणूस रांगडा, स्वतः चार म्हशींची धार काढून मग संघात येतो. त्या दोघांची जुगलबंदी तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाळासो म्हणाले, "पावणं, ह्ये लिनक्स फुकट मिळतंय म्हणं की. मग तुमी इकताय काय?"

टायवाल्यानं शांतपणे सांगितलं, की हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं आहे आणि आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघू शकतं. कंपनी विकते ती सेवा. दुरुस्त्या तपासून पाठवायच्या, एकच आवृत्ती वर्षानुवर्षं सांभाळायची, आणि बिघडलं तर फोन उचलायचा.

बाळासो जरा वेळ मिशीवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हंजी गंगावेशीत म्हस उभी करून आपल्या डोळ्यांम्होरं धार काढत्यात, तसं. पाणी घालाय जागाच न्हाय."

"अगदी बरोबर."

"आणि म्हस फुकट, गवळी पगारी."

टायवाला हसायला लागला. "तसंही म्हणता येईल."

"मग द्या की! फुकटाच्या वस्तूची मला भीती वाटती. बिघडली तर कुणाच्या नावानं बोंबलायचं? शिव्या घालाय हक्काचा माणूस पायजे. पण एक सांगतो, टोपीवाल्याचा माल घेतोय, आमास्नी टोपी घालू नगा."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. आणि मग आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी जुनं ठरावाचं बुक काढलं आणि माझं हसू जागच्या जागी वाळलं. नव्व्याण्णव सालचा ठराव त्यात आहे. "सदर कर्मचाऱ्याने फुकट व बेभरवशाची प्रणाली परस्पर वापरून संघाच्या वीस हजार जनावरांच्या नोंदी नष्ट केल्याने त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे व यापुढे संघाच्या आवारात प्रवेश देऊ नये." खाली तुझं नाव.

अधीक्षक म्हणतात, दुसरा इंजिनियर मागवा. टायवाला म्हणतो, त्या कंपनीची परीक्षा पास झालेला आमच्याकडे एकच आहे. अधीक्षक म्हणतात, मग कारण लिहून कळवू. म्हणजे हा ठराव तुझ्या साहेबाच्या टेबलावर जाणार. दहा मार्चच्या संचालकांच्या बैठकीआधी पत्र धाडायचं आहे. तिथं तुझी नोकरी काय राहील?

मी रोज विचार करतो. ते लाईटचं मी मागच्या पत्रात लिहिलं ना, ते तितकंसं बरोबर नाही. यूपीएस होता, तुला माहीतच आहे. बहुतेक पूजेच्या गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला असावा. गर्दी असते त्या दिवशी.

मामा


कोल्हापूर, १ मार्च २००५

मल्लेश,

ते पत्र टाइप करायला अधीक्षकांनी माझ्याकडेच दिलं. विभागप्रमुख मी ना. "उपरोक्त इंजिनियरने पूर्वी केलेल्या गंभीर हलगर्जीपणामुळे" एवढं टाइप केलं आणि बोटं पुढे सरकेनात. कागद खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं. घरी आलो तर गडहिंग्लजहून तुझी आई आली होती, शेंगांची पिशवी घेऊन. दानम्माअक्का शेंगा सोलता सोलता म्हणाली, "प्रभू, पोरानं पुण्याला घर केलं, पण दसऱ्याला म्हणून कधी आला न्हाय बघ. त्या दिवसाचं काय हाय त्याचं, मला सांगत न्हाय. तुला ठाव हाय?"

मी म्हटलं, नाही.

सख्ख्या बहिणीला, जिनं मला कडेवर वागवलं तिला, तिच्याच शेंगा खात मी हे सांगितलं. रात्रभर ते मला खुपत राहिलं. म्हणून आज लिहितो.

कुणाचा पाय अडकला नव्हता. प्लग मी काढला.

माझ्या वडिलांचा, आपल्या अप्पांचा, गडहिंग्लजला तेलाचा घाणा होता, तुला आठवत नसेल. खंडेनवमीला पहाटे अप्पा घाण्याचा पट्टा उतरवायचे. म्हणायचे, चालत्या यंत्राची पूजा करू नये, वर्षभर राबतंय, त्याला आज टेकू द्या. मग धुवायचं, पुसायचं, विभूती लावायची. लहानपणी मला वाटायचं, त्या दिवशी घाणा खरोखर निजतो. मी दबक्या पावलांनी त्याच्या बाजूनं जायचो.

त्या खंडेनवमीला मी तुला जयसिंगपूरच्या केंद्रावर पाठवलं होतं. साडेनऊला विभागात मी एकटाच होतो. तू पडद्याच्या कोपऱ्यात रोज आकडा दाखवायचास ना, किती दिवस यंत्र एकदाही थांबलं नाही त्याचा? त्या दिवशी दोनशे चौदा होता. पाडव्याला तू सुरू केलेलं, ते दोनशे चौदा दिवस अखंड. तू छाती फुगवून सांगायचास, मामा, याला थांबवावंच लागत नाही. मला मात्र त्याची कीव आली. खरं सांगतो. त्याचा पंखा घुर्र घुर्र करत होता आणि मला वाटलं, दोनशे चौदा दिवस, अरे, बैलालासुद्धा बेंदराला सुट्टी असते.

नीट बंद करायचा हुकूम कसा द्यायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी विभूती लावली आणि प्लग ओढला. पंखा थांबला. खोली इतकी शांत झाली की मला अप्पांची आठवण आली. अकरा वाजता सगळे आले, आरती झाली, नारळ फोडला, आणि मी प्लग परत लावला. पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, धावल्या आणि थांबल्या. वीस हजार म्हशींची कुंडली विस्कटली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "लाईटचा झटका बसला वाटतं."

मग दुसरा कुणी म्हणाला, छे, फुकटच्या सीडीचा प्रताप आहे हा. मी गप्प बसलो. चौकशीत गप्प बसलो. तुझं नाव ठरावात लिहिलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, तेव्हाही गप्प बसलो. पुढच्या वर्षी मला विभागप्रमुख केलं, तेव्हा तर गप्प बसायला आणखी एक कारण मिळालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ उघडायची वेळ आली आहे, आणि आत काही नाही, नुसती लाज आहे.

दहा तारखेला मी बैठकीत हे सांगणार आहे. तुला आधी सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. पोस्टात टाकल्यावर परत काढता येत नाही, हे एक बरं असतं.

मामा


कोल्हापूर, ११ मार्च २००५

चि. मल्लेश,

सांगितलं!

तुला वाटेल मामा एवढ्या मोठ्यानं का लिहितोय. मला कालपासून असंच बोलावंसं वाटतंय. मामी म्हणते, कुणी विचारलं नसताना गाणं काय म्हणताय.

झालं असं. विषय क्रमांक चार आला, सर्व्हर. अधीक्षकांनी विचारलं, ते पत्र गेलं का. मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, पत्र गेलेलं नाही आणि जाणार नाही, कारण त्या ठरावात चुकीच्या माणसाचं नाव आहे. आणि घाण्यापासून प्लगपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मग बाळासो पुढे वाकले. "परभुलिंग, म्हंजी तुमी मशिनीला इस्रांती दिली?"

"व्हय," मी म्हटलं. इतक्या वर्षांचं शुद्ध बोलणं तिथं गळून पडलं.

"दमली म्हणून?"

"व्हय."

हसण्याचा असा गडगडाट झाला, की बाहेरून केरबा शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन धावत आला, त्याला वाटलं कुणाला चक्कर आली. कळंब्याचे संचालक टेबल बडवत म्हणाले, "आणि त्या नोंदी पुना लिवाय आमच्या गावात सा म्हैनं वह्या घिऊन फिरलासा की वो! बनाबाईनं मला रस्त्यात धरून इचारलं, म्हशीचा जलमदाखला ग्रामपंचायतीतनं आणू काय म्हणून!"

हसता हसता बाळासो एकदम थांबले. हात वर केला. "बास. हसायचं हसून झालं. ह्या माणसाच्या गप्प बसण्यापायी एका पोराची भाकरी गेलती. त्येचं काय?"

मी म्हटलं, खुर्ची सोडतो. दीड वर्षच राहिलंय माझं, तेवढं सोडतो.

"खुर्ची ऱ्हाऊ द्या तुमच्या बुडाखाली," बाळासो म्हणाले. "त्याच बुकात, त्याच पानाच्या म्होरं, नवा ठराव तुमी सोताच्या हातानं लिवायचा. पोरगं निर्दोष हाय म्हणून. आणि वाचून दाखवायचं, मोठ्यानं. आणि आजपासनं तुमी कंच्याबी पलगाला हात लावायचा न्हाय. घरात सुदीक न्हाय. मिक्सर वहिनी लावतील."

ठराव लिहिला. मोठ्यानं वाचला. त्याची प्रत सोबत जोडली आहे, संघाच्या शिक्क्यासहित. शिक्का जरा जोरात मारला गेला आहे, शाई पसरली आहे. चालवून घे.

अक्काला काल फोन करून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यप्पा, बारीक होतास तवा घाण्याला पांघरूण घालायचास तू. मोठा झालाच न्हाईस बघ." आणि रडली आणि हसली, कुठलं आधी ते मला फोनवरून कळलं नाही.

आता येणं न येणं तुझ्या हातात. तू नाही आलास तरी मी हे लिहिल्याचा पस्तावा करणार नाही. पण ये रे.

मामा


पुणे, १९ मार्च २००५

मामा,

शरणु शरणार्थी.

तुमची चारही पत्रं मिळाली. मामीचं अक्षर मला ओळखता येतं, तेव्हा ती युक्ती काही कामाला आली नाही. पहिलं पाकीटही मी ओळखून उघडलं होतं.

मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी जयसिंगपूरहून आलो तेव्हा सगळ्यात आधी मी प्लग बघितला. काळ्या प्लगवर पांढरी विभूती होती, बोटांची, इकडून दोन आणि तिकडून एक. विभागात विभूती लावणारे दोघंच होते, तुम्ही आणि मी. आणि मी जयसिंगपूरला होतो.

मी बोललो असतो तर तुम्हाला घरी बसवलं असतं, आणि अव्वाला गडहिंग्लजला ऐकावं लागलं असतं की पोरानं सख्ख्या मामाला पकडून दिलं. शिवाय मला वाटलं, उद्या तुम्हीच सांगाल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात सांगाल. मग पुण्याला आलो. मामा, मला प्लगचा राग कधीच नव्हता. साडेपाच वर्षं वाट बघायला लावलीत, त्याचा होता. पहिल्या दोन पत्रांत लाईट आणि कुणाचा तरी पाय वाचून तो राग दुप्पट झाला. तिसरं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, आत्ता झालं.

चूक थोडी माझीही होती. याला थांबवावं लागत नाही अशी बढाई मारण्यात मी इतका दंग होतो, की थांबवायचं झालंच तर कसं, हे तुम्हाला शिकवलंच नाही.

एकच तक्रार आहे. यंत्र दोनशे चौदा दिवस थांबलं नाही म्हणून तुम्हाला त्याची कीव आली. त्या दोनशे चौदा दिवसांत मीही एक रजा घेतली नव्हती. माझी कशी आली नाही?

नऊ एप्रिलला पाडवा आहे. त्या दिवशी येतो. मामीला सांगा, मिक्सर तिनंच लावून शेंगांची चटणी करून ठेवावी.

मल्लेश


कोल्हापूर, ११ ऑक्टोबर २००५, खंडेनवमी

चि. मल्लेश,

अनेक आशीर्वाद. आता हक्कानं लिहितो.

आज सकाळी पूजेला सगळा संघ जमला. बाळासो फेटा बांधून आले होते. सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि सगळ्यांनी वळून माझ्या हातांकडे बघितलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधूनच उभा होतो. केरबा म्हणाला, "दोरी आणू काय, सायेब?"

पूजा बाळासोंनी केली. विभूती लावायला मात्र मलाच बोलावलं. "चालत्या यंत्राला चालंल का वो तुमच्या अप्पास्नी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अप्पांनी हे यंत्र बघितलं असतं तर नियम बदलला असता. लावली विभूती. पेटीच्या पत्र्यावर, वरच्या कोपऱ्यात, प्लगपासून हातभर लांब. आत पंखा फिरत होता, बोटांना हलकी थरथर लागत होती. जिवंत गुरावर हात ठेवल्यावर लागते तशी. कोपऱ्यात आकडा होता, एकशे पंच्याऐंशी.

पाडव्याची आठवण झाली. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मामा, ओढा वायर." बाळासोंनी बंदी एका मिनिटापुरती उठवली. प्लग निघता निघेना. निघाला, सगळं विझलं, आणि तू मजेत उभा. परत लावला, ओळी धावल्या, धावल्या आणि म्हशींची यादी जशीच्या तशी पुढे आली. तू म्हणालास, नव्या प्रणालीत असा धक्का बसला तर सावरायची सोय आहे. तुझं ते बोलणं मला यंत्राविषयी वाटलंच नाही. सगळ्यांसमोर मी तुला मिठी मारली आणि तुझा शर्ट खराब केला. तो धुतलास ना? विभूती निघते, काळजी नको.

तर आज आरती अर्ध्यावर आली आणि फोन वाजला. बनाबाई. तिची म्हैस अडली होती. खंडेनवमी म्हणून आरती थांबेना, पण यंत्र चालू होतं. पोरीनं घंटेच्या आवाजात नंबर टाकला, एका क्षणात सगळं पुढे आलं : चौथं वेत, मागच्या वेळी रेडकू आडवं होतं. डॉक्टर प्रसादाचं खोबरं तोंडात धरूनच मोटारसायकलवर बसला. बारा वाजता बनाबाईचा पुन्हा फोन आला. "रेडी झाली! दोगीबी खुशाल हायती. आवो, आज तुमचं यंत्र निजलं न्हाय व्हय?" मी म्हटलं, "न्हाय, जागं हाय." आणि चष्मा काढून पुसला.

मग सगळे घरी गेले आणि मी एकटा त्या खोलीत उभा राहिलो. त्या वर्षी राहिलो होतो तसाच. प्लगच्या वर तू पाडव्याला चिकटवून गेलेली पाटी आहे. रोज बघतो, पण आज नीट वाचली. "मामा, हे यंत्र दमत नाही. तुम्ही दमला असाल तर घरी जाऊन झोपा."

मी घरी आलो. पुरणपोळी खाल्ली, चटई टाकली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खंडेनवमीच्या दुपारी मला गाढ झोप लागली.

तुझा
प्रभुमामा